चिमणीचा भाग

कोलकात्याजवळ बजबजच्या तेलडेपोत बदली झाली तेव्हा अनीश खांबेटेने घरी सांगितलं होतं, दोन-अडीच वर्षांचा तर प्रश्न आहे. मुलगी मधुरा बारावीला होती, म्हणून ती आणि बायको स्नेहा पुण्यातच राहिल्या. कंपनीने डेपोजवळ दोन खोल्यांचं क्वार्टर दिलं. मागे नदी, पुढे टँकरची रांग, आणि हवेत सदासर्वकाळ डिझेलचा वास. संध्याकाळी साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे आपापल्या घरी पळत. अनीश कुकरला खिचडी लावायचा, पुण्याला फोन करायचा, आणि मधुरा "बाबा, अभ्यास आहे" म्हणाली की फोन ठेवून फेसबुकवरच्या एका ग्रुपात जाऊन बसायचा. ग्रुपाचं नाव होतं 'गंमतगोणीची पोरं'.

'गंमतगोणी' हा टीव्हीवरचा मुलांचा कार्यक्रम. पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमारास आठवड्यातून एकदा लागायचा. सुती साडी नेसलेली, लांब वेणीची एक तरुण बाई मांडी घालून बसायची, समोर दहाबारा मुलं, मधे तरटाची एक फुगलेली गोणी. मुलं ओरडायची, "गोणीत काय, गोणीत काय?" ती म्हणायची, "हात घालून बघू काय!" आणि गोणीतून एक वस्तू निघायची. कधी कुलूप, कधी कांदा, कधी शिंप्याची कात्री. कुलूप कसं लागतं, कांदा चिरताना डोळ्यांत पाणी का येतं, हे ती अशा आवाजात सांगायची की घरोघरची पोरं टीव्हीच्या काचेला नाक लावून बसत. तिचं नाव यामिनीताई. आडनाव कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी शेवटी ती अचानक दिसेनाशी झाली, तिच्या जागी दुसरी बाई आली, आणि महिन्याभरात कार्यक्रमच बंद पडला.

ती पोरं आता चाळिशी-पन्नाशीला आली होती. रक्तदाबाच्या गोळ्या घेत होती, कर्जाचे हप्ते भरत होती, आणि रोज संध्याकाळी या ग्रुपात येऊन कांद्याच्या भागाबद्दल भांडत होती. पण सगळ्यांचं एकमत एकाच भागावर होतं. त्याला म्हणत 'चिमणीचा भाग'.

त्या दिवशी गोणीतून चिमणीचं रिकामं घरटं निघालं होतं. एका मुलीने विचारलं, "ताई, यातलं पिल्लू कुठे गेलं?" यामिनीताई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मेलं." मुलं एकमेकांकडे बघू लागली. ती म्हणाली, "मेलं म्हणजे आता परत येत नाही. कितीही हाका मारल्या तरी येत नाही." आणि टीव्हीवर, सगळ्यांच्या देखत, ती रडली. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "रडू आलं की रडायचं. मग तोंड धुवायचं आणि जेवायला बसायचं." नंतर तिने घरट्यातल्या काड्या मुलांकडून मोजून घेतल्या.

मुलांशी मरणाबद्दल खरं बोललेलं ते पहिलंच माणूस, असं ग्रुपातली माणसं लिहीत. अनीशनेही लिहिलं होतं. तो आठ वर्षांचा असताना त्याचे वडील सातारा-कोरेगाव रस्त्यावर स्कूटरवरून पडून गेले. घरात माणसांची रीघ लागली, त्याला शेजारी पाठवलं, आणि बाबांचं काय झालं हे कुणीच सांगितलं नाही. त्याच दिवसांत एका संध्याकाळी टीव्हीवर यामिनीताईने सांगितलं, परत येत नाही. "मला बाबा गेल्याचं तिनेच सांगितलं," असं अनीशने लिहिलं होतं. त्या पोस्टला मिळालेली हृदयं त्याने पुढे कितीतरी संध्याकाळी उघडून पाहिली होती.

ग्रुप चालवणारा केदार पुण्यात मोठं संमेलन भरवायच्या खटपटीत होता. कुणाच्या तरी मावशीने सांगितलं, यामिनीताई कोलकात्यात असते, डमडमला, लहान मुलांच्या शिकवण्या घेते. केदारचा लगेच फोन आला.

"अनीश, तू तिथेच आहेस ना? आता सगळं तुझ्यावर. तिला स्टेजवर आणायची!"

पुढच्याच रविवारी अनीश लोकलने सियालदहला आला आणि गाडी बदलून डमडमला उतरला. घर शोधायला त्रास पडला नाही. "मराठी मिस" म्हटल्यावर कोपऱ्यावरच्या पानवाल्याने हात करून इमारत दाखवली. तिसरा मजला. डोक्यावरून एक विमान इतकं खालून गेलं की जिन्याच्या काचा थरथरल्या.

बेल वाजवल्यावर आतून आवाज आला, "के?"

बंगालीतलं 'कोण?', एकच अक्षर. पण अनीशच्या अंगावर काटा आला. आवाज जाड झाला होता, थकला होता, पण तोच होता.

"मी अनीश खांबेटे. पुण्याचा. मराठी आहे," तो म्हणाला.

दार उघडलं. अडुसष्ट-सत्तरची बाई, आखूड पांढरे केस, डोळ्यांवर जाड चष्मा. वेणी नव्हती. त्याने ग्रुपाचं, संमेलनाचं, सगळं एका दमात सांगितलं. ती दाराला हात लावून ऐकत राहिली.

"ती मी नव्हे हो," ती म्हणाली. "चुकलात तुम्ही."

अनीशला काय सुचलं कोण जाणे, तो म्हणाला, "तुम्ही घरट्यातल्या काड्या मोजून घेतल्या होत्यात. माझे वडील तेव्हा नुकतेच गेले होते. मला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही सांगितलंत."

तिचा हात दारावरून खाली आला.

"आत या," ती म्हणाली.

खोलीत दोन बुटके बाक होते, भिंतीवर फळा, फळ्यावर बंगालीत पाढे. तिने साखर घालून कोरा चहा दिला आणि वाटीत मुरमुरे. यामिनीचं माहेर इथलंच. तिचे आजोबा रेल्वेत होते, घर बागबाजारला. जन्म, शाळा सगळं कोलकात्यात. लग्न करून मुंबईला गेली आणि काही वर्षांनी परत आली, एवढं तिने सांगितलं. मग इथल्या एका शाळेत नोकरी केली, भावाच्या संसारात राहिली, निवृत्तीनंतर ही जागा घेतली.

"आणि मिस्टर?" अनीशने विचारलं.

"मुंबईतच असतील," ती म्हणाली, आणि त्याला वडिलांबद्दल विचारू लागली. किती वाजता गेले, आई काय करत होती, रात्री तो कुणाजवळ झोपला. अनीशने इतकं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. स्नेहालाही नाही. निघताना ती म्हणाली, "स्टेजबिज मला जमायचं नाही. पण तू येत जा. मराठी बोलायला तोंड आसुसतं रे."

अहोचा अरे झाला होता. परतीच्या गाडीत अनीशला उभं राहायलाही धड जागा नव्हती, पण त्याचं त्याला काही वाटलं नाही.

तो दर रविवारी जाऊ लागला. तिच्यासाठी तो पुण्याहून आलेली भाजणी न्यायचा, ती त्याला थालीपीठ लावून द्यायची. नळाचा वायसर बदलणं, विजेचं बिल मोबाइलवरून भरणं, अशी कामं तो अंगावर घ्यायचा. शिकवणीच्या मुलांच्या गमती ती सांगायची. कार्यक्रमाचा विषय काढला की मात्र ती उठून काहीतरी करायला लागायची. ग्रुपात अनीशचा भाव वधारला होता. "ताई कशा आहेत?" "ताईंचा एक फोटो तरी टाक!" फोटो टाकायला तिने परवानगी दिली नव्हती, म्हणून तो तिच्या हातच्या थालीपिठाचा फोटो टाकायचा. त्यालाही हृदयं मिळायची.

पावसाळा संपता संपता केदारच्या हाती घबाड लागलं. नाशिकच्या कुणा डॉक्टरांच्या माळ्यावर जुनी व्हिडिओ कॅसेट निघाली, तिच्यात चिमणीचा भाग होता. पाच-सहा मिनिटांचा तुकडा, रेघा मारणारा, पण होता. केदारने तो अनीशला पाठवला आणि खाली लिहिलं, "तिला दाखव आणि ती बघत असताना तिचा चेहरा रेकॉर्ड कर. संमेलनात लावू. सगळं सभागृह रडेल."

अनीशने रेकॉर्ड करायचं नाही असं ठरवलं. आपण असं करणारे नाही, असं त्याला वाटलं. रविवारी थालीपीठ खाऊन झाल्यावर त्याने फोन तिच्या हातात दिला.

"हे बघा तरी, काय सापडलंय."

तिने चष्मा पुसला. पडद्यावर वेणीवाली मुलगी मांडी घालून बसली होती. "गोणीत काय, गोणीत काय?" पोरं ओरडत होती. यामिनीने फोन लांब धरला, जवळ धरला. घरटं निघालं. मुलीने विचारलं. पडद्यावरची यामिनी म्हणाली, "मेलं."

म्हातारीने फोन टेबलावर पालथा ठेवला. त्यातून आवाज येतच राहिला, मग संपला.

"मी हे कधी पाहिलं नव्हतं," ती म्हणाली.

"कमाल केली होतीत, ताई."

"लिहून दिलेलं होतं, 'उडून गेलं'. पिल्लू मोठं झालं आणि उडून गेलं, असं म्हणायचं होतं मला. पाठ होतं. तोंडातून येईना."

ती पालथ्या फोनकडे बघत बोलत होती.

"माझा मुलगा गेला होता त्या आठवड्यात. सौरभ. चार वर्षांचा. सकाळी अंगात ताप होता त्याच्या. मी म्हटलं, आज नको जायला. जयंत, माझे मिस्टर, म्हणाले, तापच तर आहे, आई आहे घरात, जा तू. आणि मी गेले. खरं सांगायचं तर जायचंच होतं मला. त्या दिवशी भोवऱ्याचा भाग होता, मला फार आवडायचा तो. रात्री घरी आले तर कुलूप. शेजारणीने सांगितलं, आकडी आली, दवाखान्यात नेलाय. मेंदूज्वर. मला त्याने ओळखलंच नाही. पहाटे गेला."

खालच्या रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"आणि तरी तुम्हाला शूटिंगला बोलावलं?" अनीश म्हणाला.

"कुणी नाही बोलावलं. पुढे ढकलूया म्हणाले होते बिचारे. मीच गेले. त्या घरात बसवेना. सगळे माझ्याकडे बघत होते. सुतक फिटलं नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, पोराची राख निवली नाही आणि ही तोंडाला पावडर फासायला निघाली. गेले तरी. तिथे ती मुलं होती ना रे. एवढीएवढीशी." तिने बाकाच्या उंचीवर हात धरला. "परत आले तेव्हा जयंतनी माझी बॅग भरून दारात ठेवली होती. मी तशीच स्टेशनवर गेले. इथे आल्यावर घरच्यांखेरीज कुणाला कळू दिलं नाही. शाळेत नाही, या बिल्डिंगमधे नाही. मूल होतं हेच बाहेर कुणाला माहीत नाही."

अनीशने तिचा हात धरला. तिने तो धरू दिला.

"हे तुझ्या त्या लोकांना सांगू नकोस," ती म्हणाली. "तुझ्या वडिलांचं तू मला सांगितलंस, म्हणून बोलले."

"नाही सांगणार, ताई."

त्या वेळी तो ते मनापासून म्हणाला होता.

सियालदहहून बजबजच्या लोकलमधे त्याला खिडकी मिळाली. त्याने ग्रुप उघडला. केदारने कॅसेट सापडल्याची बातमी टाकली होती आणि माणसं वेडी झाली होती. केदार, तू देवमाणूस आहेस. केदार, तुझ्या पायाचं तीर्थ घ्यायला हवं. कुणा एकाने लिहिलं होतं, "तो रडण्याचा अभिनय काय केला होता बाईंनी!" अनीशला ते सहन होईना. अभिनय! यांना काहीच माहीत नाही. त्याने उत्तर लिहायला घेतलं, फक्त एवढंच की तो अभिनय नव्हता. एका वाक्यावर थांबता येईना. माझेरहाट स्टेशन मागे गेलं. त्याला वाटलं, ती किती मोठी होती हे कळलं तर लोक तिच्या पायाशी लोळण घेतील. तिला लाज वाटते आहे, पण लाज वाटण्यासारखं यात आहे काय? हे कुणीतरी तिला सांगायलाच हवं. आणि ग्रुप तर आपलाच, घरचाच. लिहिता लिहिता त्याचे डोळे भरून आले. सौरभचं नाव, भोवऱ्याचा भाग, सासूचं बोलणं, दारातली बॅग, सगळं उतरलं. नुंगी स्टेशनला गाडी थांबली तेव्हा त्याने बटण दाबलं.

घरी पोचेपर्यंत शेकडो माणसं रडून मोकळी झाली होती. "अनीशदादा, शब्द नाहीत." केदारने फोन करून त्याला मिठी मारल्यासारखं केलं. अनीशने त्या दिवशी खिचडी लावली नाही, बाहेर जाऊन बिर्याणी खाल्ली.

कुणीतरी त्या पोस्टचा फोटो काढून बाहेर टाकला. तीन-चार दिवसांत एका बातम्यांच्या साइटवर मथळा आला, 'मुलाच्या चितेवरून थेट स्टुडिओत!' खाली चिमणीच्या भागाचा तुकडा जोडलेला. आता वाचणारी माणसं गंमतगोणीची पोरं नव्हती. कुणी लिहिलं, याला म्हणतात कामावरची निष्ठा. कुणी लिहिलं, हिला आई म्हणायचं? पोर तापाने फणफणतंय आणि ही भोवरा फिरवतेय. कुणी सौरभच्या आजाराचं निदान केलं आणि वेळेत नेलं असतं तर वाचला असता, असा निकाल दिला. अनीशने पोस्ट काढून टाकली. काही उपयोग नव्हता, गोळी सुटलेली होती. त्याने त्या लोकांना उत्तरं दिली, विनवण्या केल्या, शिव्या खाल्ल्या.

मग त्या साइटवाल्यांनी जयंतना शोधून काढलं. ऐंशीच्या घरातला माणूस, ठाण्याच्या एका फ्लॅटमधे खुर्चीत बसलेला. त्यांनी कॅमेऱ्याकडे न बघता सांगितलं, "मी तिला जाऊ नको म्हटलं होतं. तिने ऐकलं नाही." एवढंच वाक्य. ते लाखो लोकांनी पाहिलं.

त्या संध्याकाळी यामिनीचा फोन आला.

"अनीश, तू लिहिलंस?"

"ताई, मी चांगल्या हेतूने…"

"तू लिहिलंस का?"

"हो."

फोन बंद झाला. नंतर त्याने किती वेळा लावला, तिने उचलला नाही.

रविवारची वाट न पाहता तो रजा टाकून डमडमला गेला. जिन्यात दोन बायका बोलत उभ्या होत्या, त्याला पाहून गप्प झाल्या. दार साखळी लावूनच उघडलं. फटीतून तिचा अर्धा चेहरा दिसत होता.

"ताई, पाया पडतो. एकदा आत येऊ द्या."

तिने साखळी काढली, पण बस म्हणाली नाही. बाक भिंतीला उभे करून ठेवले होते. फळा पुसलेला होता.

"मुलं?" त्याने विचारलं.

"एक पोरगा आला होता मोबाइल घेऊन, बंगाली चॅनेलचा. जिन्यात उभा राहून शूटिंग करत होता. मुलांच्या आया घाबरल्या. चांगल्या आहेत त्या. म्हणाल्या, मिस, थोडे दिवस आराम करा. वरची शिखा येऊन मला मिठी मारून रडली. आठ-दहा वर्षं ओळखते मला. आता जिन्यात भेटली तरी तिचा चेहरा तसाच होतो. मेलेल्याच्या घरी गेल्यावर करतात ना, तसा."

"जयंतराव खोटं बोलले. मी लिहीन. तुम्ही सांगा, मी सगळं खरं…"

"पुरे!" तिने इतक्या जोरात म्हटलं की तो मागे सरकला. मग ती हळू आवाजात बोलू लागली. "ते खोटं बोलत नसतील. त्यांना तसंच आठवत असेल. मलाही आता वाटायला लागलंय, म्हणालेच असतील. तो प्रश्न नाही."

ती खिडकीशी गेली.

"इतकी वर्षं मी रोज त्याची आठवण काढायचे. दुपारी, मुलं यायच्या आधी. हा दरवाजा लावून बसायचे. तो दिसायचा मला. निळी चड्डी, गुडघ्याला लाल औषध लावलेलं. गाल असे फुगवून बसायचा. कुणाला माहीत नव्हता, म्हणून माझ्यापाशी शिल्लक होता. आता डोळे मिटले की तो येत नाही. लोक येतात. काय काय लिहिलंय त्यांनी, ते येतं. शिखाच्या मुलाने मला सगळं दाखवलं, मीच दाखव म्हटलं. आता मला त्याचा चेहरा आठवायला गेलं की कुणा बाईने लिहिलेलं आठवतं, भोवरा फिरवतेय म्हणून."

अनीशला रडू फुटलं. तो उभ्या उभ्या, दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला. पूर्वी ती उठून पाणी द्यायची. आज ती खिडकीशीच उभी राहिली.

"जा आता," ती म्हणाली. "गाडीला गर्दी होईल."

पुढच्या महिन्यात तो परत गेला तेव्हा दाराला कुलूप होतं. वरच्या मजल्यावरची शिखा खाली आली. तिने हिंदीत सांगितलं, मिस भाच्याकडे गेली. कुठे? दुर्गापूर की आसनसोल, तिला नक्की ठाऊक नव्हतं. मिसने पत्ता दिला नाही, फोनही बदलला. बाक शेजारच्या क्लबला देऊन टाकले. "तुम्ही पेपरवाले का?" तिने विचारलं. अनीश नाही म्हणाला. "मग कोण?" तो जिना उतरला.

संमेलन ठरल्या दिवशी पुण्यात झालं. अनीश गेला नाही, तब्येतीचं कारण सांगितलं. केदारने ते मोबाइलवरून सगळ्यांना बघायची सोय केली होती. दुपारी क्वार्टरमधल्या पलंगावर बसून अनीशने ते लावलं. नाट्यगृह भरलं होतं. टकलं पडलेली, पोटं सुटलेली माणसं "गोणीत काय, गोणीत काय?" ओरडत होती. स्टेजवर तरटाची नवी गोणी आणि एक रिकामी खुर्ची, खुर्चीवर मोगऱ्याचा गजरा. अंधार करून चिमणीचा भाग लावला. "मेलं" म्हणताच सभागृहभर हुंदके ऐकू आले. मग केदार बोलायला उभा राहिला. ताईंची प्रकृती बरी नाही, म्हणाला, पण त्यांनी आपल्याला काय दिलं ते ऐका. आणि त्याने अनीशची गोष्ट सांगितली. आठ वर्षांचा मुलगा, वडील गेलेले, कुणी सांगत नाही, आणि टीव्हीवरची ताई सांगते. टाळ्या थांबेनात. अनीशने ते बंद केलं.

थोड्या वेळाने साताऱ्याहून आईचा फोन आला. स्नेहाने पुण्याहून तिलाही लिंक पाठवली होती.

"चांगला झाला रे कार्यक्रम," आई म्हणाली. "तुझं नाव घेतलं की त्यांनी. पण ते तुझ्या बाबांचं काहीतरी चुकीचं सांगत होता तो माणूस."

"काय चुकीचं?"

"अरे, बाबा गेले तेव्हा आपल्याकडे टीव्ही कुठे होता? टीव्ही नंतर आला. त्यांच्या ऑफिसचे पैसे मिळाले, त्यातून वर्षाने घेतला. तू फार मागे लागला होतास, सगळ्यांकडे आहे म्हणून."

"शेजारी बघितला असेल मी. कुलकर्ण्यांकडे."

"कुलकर्ण्यांकडे तर आपल्याही नंतर आला. आपल्या वाडीत पहिला आपलाच. तुला आठवत नाही का, अँटेना बसवायला मामा वर चढला होता?"

अनीशला आठवलं. मामा कौलांवर उभा होता आणि खाली तो स्वतः अंगणात, नवा गणवेश घातलेला. तिसरीचा की चौथीचा, काहीतरी. बाबा तेव्हा नव्हतेच. बाबांची स्कूटरही विकून झाली होती.

"मग मला सांगितलं कुणी?" त्याने विचारलं. "बाबा गेले हे?"

पलीकडे कुकरची शिटी झाली.

"कुणी नाही सांगितलं," ती म्हणाली. "माझ्यात धीर नव्हता. सगळे पांगल्यावर तुला जेवायला बोलावलं. मी सवयीने त्यांचंही ताट घेतलं. तू ते उचललंस आणि फडताळात ठेवून आलास. मग आपल्या पाटावर बसलास आणि म्हणालास, वाढ."

बाहेर डेपोचा भोंगा झाला. पाळी बदलली होती, माणसं हसत-बोलत फाटकाकडे चालली होती.

"अनीश? आहेस ना?"

"आहे," तो म्हणाला. "ऐकतोय मी. अजून काय आठवतंय तुला?"